गप्प बसणाऱ्यांपर्यंत पोहोचताना : कामाच्या ठिकाणची नीती आणि नेतृत्व यांवर संशोधन कसे करावे

एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी समजून घ्यावा, असे मला वाटते. रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुका आणि परिचारिकांच्या गटप्रमुखाचे वागणे यांचा संबंध त्या शोधत होत्या. चांगल्या नेतृत्वाखालच्या गटात चुका कमी आढळतील, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. आकडे मात्र उलटे निघाले. ज्या गटांत प्रमुखाशी मोकळेपणाने बोलता येत होते, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त होत्या. अधिक तपासणी केल्यावर त्याचा अर्थ लागला : त्या गटांत चुका अधिक होत होत्या असे मानण्यापेक्षा, त्या लपवल्या जात नव्हत्या असे मानणे अधिक सयुक्तिक होते. याच धाग्यातून पुढे १९९९ मध्ये, एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास करून, त्यांनी गटाची ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे चूक सांगितल्याने किंवा शंका विचारल्याने आपले नुकसान होणार नाही हा गटातील सामायिक विश्वास, ही संकल्पना मांडली.

या अभ्यासात आपल्या विषयाची मुख्य अडचण दिसते. कामाच्या ठिकाणचे गैरवर्तन मोजायला गेले की हाती लागते ते गैरवर्तन नसते. त्याबद्दल बोलण्याची तयारी तेवढी मोजली जाते. ज्या विभागातून एकही तक्रार येत नाही तो सर्वांत निर्मळ असू शकतो आणि सर्वांत घाबरलेलाही असू शकतो. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारत राहावा : खरे सांगितल्यामुळे या माणसाचे काही नुकसान होऊ शकते का, आणि होऊ शकत असेल तर त्याने मला खरे का सांगावे?

प्रश्न आखडता घ्या

‘नैतिक नेतृत्वाचा कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर होणारा परिणाम’ हा प्रबंधाचा विषय म्हणून भारदस्त वाटतो, परंतु तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. त्यात कोणते वर्तन, कोणाचे आणि कोणत्या परिस्थितीत, यांपैकी काहीच ठरलेले नाही. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा : ‘विक्रीचे उद्दिष्ट गाठण्याचा दबाव असताना सहकाऱ्याने आकडे फुगवल्याचे लक्षात आले, तर कर्मचारी ते थेट वरिष्ठाला सांगतात का, आणि त्या वरिष्ठाने यापूर्वी अशा माहितीला दिलेल्या प्रतिसादाने त्यात फरक पडतो का?’ हा प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर मिळू शकते. या लेखात पुढे हेच उदाहरण वापरले आहे.

प्रश्न नेमका करण्यासाठी जेम्स रेस्ट यांची १९८६ मधील चार घटकांची मांडणी आजही उपयोगी पडते. समोरच्या प्रसंगात नीतीचा प्रश्न आहे हे ओळखणे, त्यात योग्य काय ते ठरवणे, इतर लाभांच्या वर त्याला स्थान देण्याचा निश्चय करणे आणि शेवटी ते प्रत्यक्ष पार पाडणे, असे हे चार घटक आहेत. माणूस यांपैकी कोणत्याही टप्प्यावर अडखळू शकतो. आकडे फुगवणे हा केवळ ‘कागदोपत्री जुळवाजुळवीचा’ भाग आहे असे मानणारा पहिल्याच टप्प्यावर अडतो. हे चूक आहे असे पूर्ण उमगून, सांगायचे ठरवूनही ऐनवेळी नोकरीच्या धास्तीने गप्प बसणारा शेवटच्या टप्प्यावर अडतो. प्रशिक्षणाने पहिल्याला मदत होईल, दुसऱ्याला होणार नाही. आपला अभ्यास यांपैकी कोणत्या टप्प्याचा आहे हे एका वाक्यात लिहून काढता येत नसेल, तर प्रश्नावलीला हात लावू नये.

प्रसंगाच्या स्वरूपाकडेही लक्ष द्यावे. थॉमस जोन्स यांनी १९९१ मध्ये असे मांडले की माणसाचा निर्णय प्रसंगाच्या नैतिक तीव्रतेनुसार बदलतो. परिणाम किती मोठा, तो घडण्याची शक्यता किती, तो किती लवकर जाणवणार, झळ बसणारी व्यक्ती आपल्याला किती जवळची, ती झळ मोजक्या माणसांवर एकवटते की अनेकांत विभागते आणि हे कृत्य वाईट आहे यावर भोवतालच्यांचे किती एकमत, या सहा गोष्टी त्यात येतात. कार्यालयातला कागद घरी नेणे आणि सुरक्षेचा खोटा अहवाल देणे यांना एकाच प्रश्नावलीत ‘अनैतिक वर्तन’ म्हणून एकत्र मोजले, तर जो आकडा येईल त्याला काहीही अर्थ नसतो.

कोणाकडून काय विचारायचे

या क्षेत्रात सर्वाधिक आढळणारी चूक अशी, की एकाच कर्मचाऱ्याला एकाच बैठकीत ‘तुमचे वरिष्ठ कसे आहेत’ आणि ‘तुम्ही कसे वागता’ हे दोन्ही विचारले जाते, आणि मग दोन उत्तरांमधला सहसंबंध, म्हणजे दोन्ही एकत्र कमीजास्त होण्याचे प्रमाण, हा निष्कर्ष म्हणून मांडला जातो. त्या दिवशी माणूस कोणत्या मनःस्थितीत होता, त्याला सगळीकडे ‘सहमत’ लिहिण्याची सवय आहे का, आपण सुसंगत दिसावे ही त्याची इच्छा किती, या सगळ्यांचा ठसा दोन्ही उत्तरांवर सारखाच उमटतो आणि संबंध प्रत्यक्षाहून घट्ट दिसतो. फिलिप पॉडसाकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या दोषाचा सविस्तर आढावा घेतला. तरीही तो दोष प्रबंधांतून हटलेला नाही.

उपाय कष्टाचा असला तरी अवघड नाही. नेत्याच्या वर्तनाबद्दल हाताखालच्या लोकांना विचारावे, कारण नेता स्वतःला नैतिक समजतो की नाही याने फारसे काही कळत नाही. लोकांना तो तसा दिसतो का, हे महत्त्वाचे असते. कर्मचाऱ्याच्या वर्तनाबद्दल शक्य असेल तिथे दुसऱ्या स्रोताकडून माहिती घ्यावी : सहकारी, प्रत्यक्ष नोंदी, लेखापरीक्षणात सापडलेल्या विसंगती. एकाच माणसाकडून दोन्ही घ्यावेच लागले, तर दोन प्रश्नावल्यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे. मात्र चोरून केलेले वर्तन वरिष्ठाला दिसतच नाही. अशा बाबतीत वरिष्ठाचे मत घेतले, तर केवळ पकडले गेलेल्यांची मोजणी होते. तिथे कर्मचाऱ्याचे स्वतःचे, पण पूर्ण संरक्षित उत्तर अधिक भरवशाचे ठरते.

मोजपट्टी निवडणे आणि ती मराठीत आणणे

शक्यतो स्वतःची मोजपट्टी, म्हणजे एखादी गोष्ट मोजण्यासाठीचा विधानांचा संच, बनवू नये. नैतिक नेतृत्वासाठी मायकेल ब्राउन, लिंडा ट्रेव्हिन्यो आणि डेव्हिड हॅरिसन यांनी २००५ मध्ये तयार केलेली दहा विधानांची मोजपट्टी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यामागचा विचार लक्षात घेण्यासारखा आहे : नेता स्वतः चांगला माणूस असणे पुरेसे नाही, त्याने नीतीबद्दल लोकांशी बोलले पाहिजे, नियम मोडणाऱ्यांवर कारवाई केली पाहिजे आणि आपल्या निर्णयांत ते दाखवले पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या विघातक वर्तनासाठी रिबेका बेनेट आणि सँड्रा रॉबिन्सन यांची २००० मधील १९ विधानांची मोजपट्टी आहे. तिच्यात संस्थेविरुद्धचे वर्तन आणि व्यक्तींविरुद्धचे वर्तन वेगळे मोजले जाते. हा भेद सोडू नये, कारण संस्थेवरचा राग आणि सहकाऱ्याला दिलेला त्रास यांची मुळे बरेचदा वेगळी असतात.

भाषांतर हा मात्र जपून करण्याचा भाग आहे. एकाने मराठी करावे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यावे आणि दोन्ही रूपे ताडून पाहावीत, ही रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत आवश्यक आहे, पण माझ्या मते पुरेशी नाही. उलट भाषांतर शब्दांची खात्री देते; वाचणाऱ्याच्या मनात काय उमटते याची देत नाही. ‘नैतिक’ हा शब्द घ्या. अनेक मराठी वाचकांना तो खासगी चारित्र्याशी जोडलेला वाटतो. ‘माझे वरिष्ठ नैतिक आहेत’ हे विधान वाचून कर्मचारी वरिष्ठांच्या घरगुती वागण्याचा विचार करू लागला, तर मोजमाप भरकटले. ‘माझे वरिष्ठ स्वतःच्या फायद्याचे नसले तरी नियमाप्रमाणे निर्णय घेतात’ असे वर्तन सांगणारे विधान अधिक नेमके काम करते. म्हणून आठ-दहा माणसांसमोर बसून, प्रत्येक विधान वाचताना त्यांच्या मनात काय आले ते त्यांना मोठ्याने सांगायला लावावे. एका दुपारचे हे काम शेकडो निरुपयोगी प्रश्नावल्या वाचवते.

विधानांमध्ये ‘आणि’ आले की थांबावे. ‘माझे वरिष्ठ ऐकून घेतात आणि कारवाई करतात’ या विधानाला ऐकून घेणाऱ्या पण काहीच न करणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखालचा माणूस काय उत्तर देणार? अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे मोजपट्टीतील विधाने एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्यासाठी, क्रोनबाख यांचा अल्फा गुणांक ०.७० च्या वर असावा असा संकेत आहे, परंतु एकच गोष्ट पाच वेगळ्या शब्दांत विचारूनही तो ०.९५ वर नेता येतो. मोठा आकडा हे चांगल्या मोजपट्टीचे प्रमाणपत्र नव्हे.

जे कोणी कबूल करणार नाही ते विचारणे

‘गेल्या सहा महिन्यांत तुम्ही आकडे फुगवले का?’ असे थेट विचारून खरे उत्तर मिळत नाही. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यावर एक देखणा मार्ग सुचवला आणि त्याची अनेक रूपे पुढे विकसित झाली. सर्वांत सोपे रूप असे : प्रत्येकाने एकट्याने नाणे उडवावे. छाप पडल्यास काहीही असले तरी ‘हो’ लिहावे. काटा पडल्यास खरे उत्तर लिहावे. आता कोणाचाही ‘हो’ हा कबुलीजबाब उरत नाही, कारण तो नाण्याचाही असू शकतो. तरीही एकूण चित्र काढता येते. समजा ३०० जणांपैकी १८० जणांनी ‘हो’ लिहिले. सुमारे १५० जणांना छापेमुळेच ‘हो’ लिहावे लागले असणार. उरलेल्या १५० खऱ्या उत्तरांत ३० ‘हो’ आहेत, म्हणजे आकडे फुगवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्के.

या संरक्षणाची किंमत आहे : अर्धी उत्तरे नाण्यात खर्ची पडल्यामुळे अंदाज अधिक ढोबळ होतो आणि नमुना बराच मोठा लागतो. शिवाय ही रीत नीट समजावून सांगितली नाही, तर संशयाने काही लोक छाप पडूनही ‘नाही’ लिहितात. वैयक्तिक आकडे नको असून प्रसंगाबद्दलचा कल हवा असेल, तर काल्पनिक पात्राचा प्रसंग देऊन ‘तुमच्या विभागात बहुतेक जण अशा वेळी काय करतील?’ असे विचारणे सोपे पडते. मात्र प्रसंगावरच्या उत्तरातून फक्त हेतू कळतो. लोक काय करू म्हणतात आणि काय करतात यांत, विशेषतः धाडसाच्या बाबतीत, मोठे अंतर असते. ते अहवालात स्पष्ट लिहावे.

परवानगी, संमती आणि शब्द पाळणे

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण इथे झालेली चूक आकडेवारीने दुरुस्त होत नाही आणि तिची झळ संशोधकाला बसत नाही. उत्तर देणाऱ्याला बसते. अमेरिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली आणि माणसांवरील संशोधनाच्या नियमांना त्यांचा आधार मिळाला. कार्यालयात ती पाळणे प्रयोगशाळेपेक्षा कठीण असते. व्यवस्थापनाने परवानगी दिली म्हणजे कर्मचाऱ्याने संमती दिली असे होत नाही. विभागप्रमुखाने ‘सगळ्यांनी भरून द्या’ असा निरोप पाठवला, की संमती संपली आणि आज्ञापालन सुरू झाले.

संस्थेशी लेखी करार करताना चार गोष्टी आधीच वदवून घ्याव्यात : मूळ उत्तरे संस्थेला कधीही दिली जाणार नाहीत, कोणी भाग घेतला आणि कोणी नाही याची यादी मागितली जाणार नाही, ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचे निष्कर्ष वेगळे दाखवले जाणार नाहीत, आणि निष्कर्ष प्रतिकूल निघाले तरी प्रसिद्धीवर बंदी येणार नाही. यांपैकी एकही गोष्ट नाकारली गेली, तर ती संस्था सोडावी. प्रबंधाची मुदत जवळ आली असताना हे सांगणे कठोर वाटेल, पण दुसरा मार्ग नाही.

नाव न विचारणे म्हणजे अनामिकता नव्हे. वय, लिंग, विभाग आणि नोकरीची वर्षे एवढे विचारले, तर सात जणांच्या विभागातील एकुलती एक ज्येष्ठ महिला कर्मचारी कोणालाही ओळखता येते. म्हणून विश्लेषणाला खरोखर लागणार नाही असा एकही वैयक्तिक तपशील विचारू नये. वय वर्षांत न विचारता टप्प्यांत विचारावे. दोन वेळच्या प्रश्नावल्या जुळवायच्या असतील, तर कर्मचाऱ्याने स्वतःच तयार केलेला संकेत वापरावा, उदाहरणार्थ आईच्या नावाचे पहिले अक्षर आणि जन्मतारखेचा दिवस; म्हणजे नावांची यादी अस्तित्वातच येत नाही. प्रश्नावली कार्यालयीन ईमेलवरून पाठवू नये आणि कार्यालयाच्या संगणकावर भरायला लावू नये. आपले उत्तर कोणी पाहत नसेलही, परंतु पाहू शकते, एवढी शंकादेखील पुरेशी असते.

मुलाखतींमध्ये आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर आधीच ठरवावे लागते. बोलता बोलता कोणी चालू असलेल्या गंभीर धोक्याबद्दल सांगितले, उदाहरणार्थ सुरक्षेची तपासणी न करताच सह्या होत आहेत, तर काय करायचे? पूर्ण गुप्ततेचे वचन आधी देऊन बसलो, तर दोन्हीकडून अडचण होते. म्हणून संमतिपत्रातच लिहावे की जीविताला धोका असल्याची माहिती मिळाल्यास संशोधक काय करील आणि सांगणाऱ्याचे नाव कसे राखील. मुलाखतीच्या सुरुवातीला ते मोठ्याने वाचून दाखवावे. ते वाक्य ऐकून काही जण गप्प होतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

किती माणसे लागतील

दोन गोष्टींमधील ०.३० इतका सहसंबंध टिपायचा असेल, तर पाच टक्के सार्थता पातळी (नसलेला संबंध चुकून दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के संख्याशास्त्रीय सामर्थ्य (असलेला संबंध सापडण्याची शक्यता) धरून सुमारे ८५ माणसे लागतात, सहसंबंध ०.२० असेल तर सुमारे १९४. वर्तनाच्या अभ्यासात ०.२० हा अपवाद नव्हे, म्हणून ६० जणांवर उरकलेले अभ्यास बहुधा योगायोगच मोजत असतात.

कार्यालयात आणखी एक पेच असतो. एकाच नेत्याखालचे दहा जण हे दहा स्वतंत्र साक्षीदार नसतात. ते एकाच हवेत श्वास घेतात. २० गटांतील प्रत्येकी १०, असे २०० जण घेतले आणि गटांतर्गत साम्य (एकाच गटातील उत्तरे एकमेकांसारखी असण्याचे प्रमाण) ०.१० असेल, तर १ + (१० − १) × ०.१० = १.९ या गुणकाने भागावे लागते आणि २०० जणांची माहिती सुमारे १०५ जणांइतकीच उरते. नेत्याबद्दल प्रश्न असेल तर खरी संख्या कर्मचाऱ्यांची नसून नेत्यांची असते. म्हणून प्रत्येक गटातून थोडे लोक घ्यावेत आणि गट वाढवावेत. विश्लेषणही बहुस्तरीय पद्धतीने, म्हणजे व्यक्ती आणि गट हे दोन स्तर वेगळे धरून, करावे.

नेतृत्वविकासाने खरेच काही बदलले का

प्रशिक्षण संपले की सहभागींना ‘कसे वाटले’ विचारले जाते, सगळे ‘उत्तम’ लिहितात आणि कार्यक्रम यशस्वी ठरतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम असे चार स्तर वेगळे केले होते. आपली बहुतेक मूल्यमापने अजूनही पहिल्या स्तरावर अडकलेली आहेत. डेव्हिड डे यांनी २००० मध्ये केलेला भेदही ध्यानात ठेवावा : एका व्यक्तीची क्षमता वाढवणे हा नेत्याचा विकास, आणि माणसांमधील विश्वासाचे व परस्पर बांधिलकीचे नाते वाढवणे हा नेतृत्वाचा विकास. पहिला नेत्याला विचारून मोजता येईल. दुसरा त्याच्या भोवतालच्यांना विचारल्याशिवाय मोजताच येत नाही.

व्यवहार्य आराखडा असा करावा. सगळ्यांना एकाच वेळी प्रशिक्षण न देता, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आत्ता आणि निम्म्यांना चार महिन्यांनी द्यावे. कोणीही वंचित राहत नाही आणि मधल्या काळात तुलनेसाठी गट मिळतो. दोन्ही गटांतील नेत्यांच्या हाताखालच्यांकडून प्रशिक्षणापूर्वी आणि तीन महिन्यांनंतर तीच विधाने भरून घ्यावीत. नेत्याच्या स्वतःच्या गुणांकनात मात्र एक चकवा आहे. प्रशिक्षणापूर्वी ‘मी लोकांचे नीट ऐकतो’ यास पाचपैकी चार गुण देणारा नेता, ऐकणे म्हणजे काय ते कळल्यावर तीन देतो. त्याची अधोगती झालेली नसते; त्याची मोजपट्टी सरकलेली असते. म्हणून शेवटी ‘आता मागे वळून पाहता, तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ हेही विचारावे.

सर्व बाजूंनी अभिप्राय गोळा करून तो नेत्याच्या हाती देणे हाच विकास समजला जातो, त्याबद्दलही सावध राहावे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ परिणाममूल्ये एकत्र तपासली. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारली होती, तरी एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती खालावली होती. अभिप्राय कामाकडून माणसाच्या स्वत्वाकडे वळला की त्याचा उपयोग कमी होतो.

विदा जपणे आणि निष्कर्ष परत देणे

अर्जावर सही शेवटी घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक अधिक खरे लिहितात, असा दावा करणारा शोधनिबंध २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आणि जगभर उद्धृत झाला. २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला, कारण त्यातील मोटार विम्याच्या एका प्रयोगाची विदा (गोळा केलेली माहिती) बनावट असल्याचे उघड झाले. गाड्या किती चालल्या याचे आकडे शून्य ते ५०,००० मैल या टप्प्यात जवळपास सारखे विखुरलेले होते. खऱ्या आयुष्यात मैलांचे वितरण असे कधीच नसते. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात हे घडावे, याचे मला अजूनही दुःख आहे. त्यातून शिकण्याजोगा कामाचा धडा हा, की दुसऱ्याने पाठवलेली विदा न पाहता वापरू नये. प्रत्येक चलाचे, म्हणजे मोजलेल्या प्रत्येक गोष्टीचे, वितरण आलेख काढून डोळ्यांनी पाहावे, मूळ फाइल न बदलता वेगळी ठेवावी, प्रत्येक फेरबदल तारखेसह नोंदवावा आणि गृहीतके विदा गोळा करण्यापूर्वीच सार्वजनिक नोंदणीत टाकावीत.

निष्कर्ष देताना व्यवस्थापनाला आधी आणि कर्मचाऱ्यांना नंतर, असा क्रम ठेवला तर कर्मचाऱ्यांना मिळणारी प्रत बहुधा सौम्य झालेली असते. दोघांनाही एकाच दिवशी एकच सारांश द्यावा. मुलाखतींतील उद्‌गार शब्दशः छापताना बोलण्याची लकब, पदनाम आणि प्रसंगाचा तपशील बदलावा, कारण सहकाऱ्यांना एखाद्याची वाक्यरचनाही ओळखता येते. छापण्यापूर्वी तो उतारा त्या व्यक्तीला दाखवावा. सांकेतिक नावे आणि खरी नावे जोडणारी यादी ठेवली असेल, तर ती नष्ट करण्याची तारीख संमतिपत्रात लिहिलेली असावी. त्या तारखेला ती नष्ट करावी आणि तसे सहभागींना कळवावे.